टर्बोचा दम किती वर्षांचा?

गाडी घ्यायची ठरली की आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात पूर्वी दोनच प्रश्न निघत. अ‍ॅव्हरेज किती देते, आणि विकायला काढली तर किती येतील. गेल्या काही वर्षांत त्यात तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे. टर्बो घ्यायची की साधी? शोरूममधून परतताना मुलाच्या डोक्यात टर्बो भिनलेली असते. टेस्ट ड्राइव्हमध्ये अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबल्यावर गाडीने जी झेप घेतली, ती तो घरी आल्यावरही हातवारे करून सांगत असतो. वडिलांच्या मनात मात्र पाल चुकचुकते. एक हजार सीसीचे, तीन सिलिंडरचे एवढेसे इंजिन. ते पूर्वीच्या दीड लिटरच्या इंजिनाएवढा जोर दाखवणार, म्हणजे कुठेतरी जिवावर उठूनच दाखवणार ना? ‘खोंडाला मोठ्या गाड्याला जुंपलंय,’ अशा शब्दांत माझ्या एका स्नेह्यांनी या इंजिनांची संभावना केली. ‘चार-पाच वर्षं पळेल. पुढं काय?’

त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या घरात गाडी चार-पाच वर्षांसाठी येतच नाही. कर्जच मुळी पाच ते सात वर्षांचे असते. ते फिटले की मग कुठे ती गाडी खऱ्या अर्थाने आपली होते, आणि त्यानंतरची चार वर्षे हप्त्याविना फिरण्याचे सुख घ्यायचे असते. पुढे ती भाच्याकडे जाते, नाहीतर तालुक्याच्या गावी कुणी घेते. आरटीओ खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची करते, आणि ती पंधरा वर्षे गाडीने पुरी करावीत अशीच आपली रास्त अपेक्षा असते. तेव्हा टर्बो टिकतो का, या प्रश्नाचे उत्तर पंधरा वर्षांच्या हिशेबानेच द्यायला हवे.

मी पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर. इंजिनांशी संबंध नोकरीपुरता होता, आता आवडीपुरता आहे. म्हणून असले प्रश्न माझ्याकडे येतात. माझे उत्तर असे की टर्बो हे यंत्र टिकाऊ आहे. मात्र साध्या इंजिनाने आपली जी हेळसांड वर्षानुवर्षे निमूटपणे सोसली, ती ते सोसत नाही. आणि ही गोष्ट गाडी विकणारे गिऱ्हाइकाला धडपणे सांगत नाहीत, हे माझे खरे गाऱ्हाणे आहे.

आधी हे यंत्र आहे तरी काय ते पाहू. एक ग्रॅम पेट्रोल नीट जाळायला साधारण साडेचौदा-पंधरा ग्रॅम हवा लागते. म्हणजे इंजिनाचा जोर पेट्रोलापेक्षा हवेवर अवलंबून. साधे इंजिन आपल्या छातीच्या भात्याने जेवढी हवा ओढेल तेवढीच त्याला मिळते. दुसरीकडे, जळलेल्या इंधनातली जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा सायलेन्सरवाटे धुराबरोबर फुकट जाते. त्या फुकट जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवायचे आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. झाला टर्बोचार्जर. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात तसा प्रकार.

कल्पना सोपी, अंमल मात्र भयंकर. छोट्या गाडीतला हा दांडा पेन्सिलीच्या जाडीचा असतो आणि मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. पेट्रोल गाडीत त्याच्या एका टोकाला साडेनऊशे ते हजार अंश सेल्सिअसचा धूर येतो, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा. मध्ये तो दांडा कशावर फिरतो? बहुतेक गाड्यांत बॉल बेअरिंगवर नव्हे, तर इंजिन ऑइलच्या एका पातळ पडद्यावर. धातूला धातू लागतच नाही. मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढ्या फटीत तेल असते आणि त्या तेलावर तो दांडा तरंगत फिरतो. हे एकदा ध्यानात आले की टर्बोच्या आयुष्याची निम्मी कहाणी कळते.

आणि हे काही काल-परवाचे फॅड नाही. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने याचे पेटंट घेतले ते १९०५ साली. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे इंजिन चौदा हजार फूट उंचीच्या पाइक्स पीक या पर्वतावर नेऊन टर्बोची परीक्षा घेतली. विरळ हवेत इंजिनाचा दम राखता येतो हे तिथे सिद्ध झाले. पुढे जहाजांची प्रचंड डिझेल इंजिने आली, रेल्वेची इंजिने आली, ट्रक आले. मालमोटारींत तर टर्बो इतका रुळला की त्याविषयी कुणी बोलेनासे झाले. जे यंत्र लाखो किलोमीटर माल ओढणाऱ्या ट्रकमध्ये निमूट काम करते, ते मुळातच तकलादू आहे असे म्हणणे बरोबर नाही.

मोटारीत मात्र त्याचा पहिला प्रवेश फसला, आणि तो का फसला हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने ‘जेटफायर’ नावाची टर्बो मोटार काढली. साडेतीन लिटरचे इंजिन. इंजिनात अकाली स्फोट होऊन खडखडाट होऊ नये म्हणून हवेबरोबर पाणी आणि मेथॅनॉलचे मिश्रण फवारण्याची सोय त्यात होती. ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असे भारदस्त नाव. त्याची टाकी वेळोवेळी भरायची, एवढीच अट. पण पेट्रोल भरणे आणि फार तर तेल-पाणी बघणे यापलीकडे गाडीची काही सेवा असते हे तिथल्या मालकांना ठाऊकच नव्हते. टाकी रिकामी राही. ती रिकामी झाली की गाडी स्वतःहून टर्बोचा दाब कमी करी, आणि मालक ‘गाडी ओढत नाही’ म्हणून तक्रार घेऊन येई. दोन वर्षांत दहा हजारांच्याही आत गाड्या विकल्या गेल्या आणि मॉडेल बंद पडले. नंतर अनेक गाड्यांचा टर्बोच काढून साधा कार्ब्युरेटर बसवण्यात आला. यंत्राने मालकाकडे एक नवी सवय मागितली. ती लावण्याची तसदी कुणी घेतली नाही. साठ वर्षांनंतर आपल्याकडे वेगळ्या रूपात तेच चालले आहे, असे मला वाटते.

आपल्याकडे टर्बो आधी डिझेलच्या वाटेने आला. १९९८ ची टाटा सफारी, २००२ ची महिंद्र स्कॉर्पिओ या टर्बो डिझेल गाड्या. घरगुती गाडीत तो खऱ्या अर्थाने शिरला तो २००७ मध्ये, मारुती स्विफ्टमध्ये फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन बसले तेव्हा. हेच इंजिन टाटा, फियाट आणि मारुती अशा तिन्ही नावांच्या गाड्यांत इतके पसरले की लोक गमतीने त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणू लागले. आपल्या रांजणगावलाही ते बनत असे. २०२० मध्ये प्रदूषणाचे भारत स्टेज सहा नियम आले तेव्हा ते थांबले. पण त्या इंजिनाच्या टॅक्सी झालेल्या डिझायर अजूनही रस्त्यावर भेटतात. नाशिकहून पुण्याला येताना अशाच एका गाडीत मी बसलो होतो. मीटर सव्वातीन लाखांच्या पुढे. ‘टर्बो बदललात?’ असे विचारल्यावर चालकाने माझ्याकडे जरा तुच्छतेनेच पाहिले. ‘कशाला बदलू? ऑइल टायमावर बदलतो की.’ 

त्या एका वाक्यात बरेच काही आले. टॅक्सी ही रोजीरोटी असते. ती रोज दोनशे-तीनशे किलोमीटर सलग पळते, इंजिन पूर्ण तापते, महिन्या-दीड महिन्यात ऑइल बदलण्याची वेळ येते आणि चालक ते बदलतो. घरच्या गाडीचे जिणे याच्या अगदी उलट. सकाळी मुलाला क्लासला सोडायचे, दोन किलोमीटर. परत. संध्याकाळी आजींना देवळात न्यायचे, दीड किलोमीटर. परत. इंजिन धड तापायच्या आत बंद. आठवड्यातले पाच दिवस हिंजवडीच्या नाहीतर घोडबंदरच्या रांगेत मुंगीच्या पावलाने. वर्षभरात जेमतेम सहा-सात हजार किलोमीटर होतात आणि आपल्याला वाटते, ‘आपली गाडी फार चाललेलीच नाही.’

इथे थोडे गणित करू. समजा दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलायचे आहे. महामार्गावर ताशी साठच्या सरासरीने पळणारी गाडी हे अंतर सुमारे १६७ तासांत कापते. शहरात ताशी पंधराच्या सरासरीने रखडणाऱ्या गाडीला तेवढ्याच अंतराला ६६७ तास लागतात. मीटर दोघींचे सारखेच, पण दुसऱ्या गाडीतल्या तेलाने चौपट तास आच सोसली. आपल्या ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याला हे पहिल्यापासून कळते. ट्रॅक्टरच्या मीटरवर तास असतात आणि ऑइल किती तासांनी बदलायचे हे त्याला तोंडपाठ असते. ट्रॅक्टरचे काम वेगळे, तेल वेगळे, हे मान्य. तरी सात-आठ लाखांच्या ट्रॅक्टरमध्ये जो साधा तासांचा आकडा मिळतो, तो पंधरा लाखांच्या मोटारीत मालकाला का दिसू नये? गाडीच्या कॉम्प्युटरला सगळे समजू शकते. डॅशबोर्डवर गाण्याच्या कव्हरचे रंगीत चित्र दिसते, इंजिन किती तास चालले ते मात्र बहुतेक गाड्यांत दिसत नाही.

आता त्या तेलाचे काय होते ते बघा. गाडी घाट चढून आली, टर्बो लालबुंद झाला आणि आपण लगेच किल्ली फिरवून इंजिन बंद केले, तर तेलाचा प्रवाह थांबतो. बेअरिंगमध्ये उरलेले तेल त्या धगीत करपते, कढईला तेल करपून धरते तसे. त्याचा कोळसा फटीत साचतो, तेलाच्या बारीक नळीत साचतो. असे शेकडो वेळा झाले की एक दिवस दांड्याला पुरेसे तेल मिळत नाही. पूर्वीच्या टर्बो गाड्यांना ‘बंद करण्यापूर्वी इंजिन थोडा वेळ नुसते चालू ठेवा’ अशी सूचना असे ती यासाठी. हल्लीच्या बहुतेक पेट्रोल टर्बोंना पाण्याने थंड ठेवण्याची सोय असते. काही गाड्यांत तर इंजिन बंद झाल्यावरही विजेचा पंप काही वेळ पाणी फिरवत राहतो. त्यामुळे शहरात रोज मिनिटभर थांबण्याचे सोपस्कार करायची गरज नाही. मात्र आंबोली किंवा कसारा चढून वर आल्या आल्या वडापावच्या गाडीपाशी थांबायचे असेल, तर शेवटचा किलोमीटर सावकाश चालवावा. वडापाव कुठे पळून जात नाही.

दुसरी भानगड थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांची. बऱ्याच नव्या टर्बो गाड्या या जातीच्या आहेत. थंड इंजिनात फवारलेले थोडे पेट्रोल न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरते. लांबचा प्रवास झाला तर तेल तापून ते उडून जाते. दीड किलोमीटरच्या फेऱ्यांत ते उडत नाही. तेल पातळ होत राहते. २०१८ मध्ये चीनच्या थंड भागात होंडाच्या सीआर-व्ही गाड्यांत हा प्रकार इतका वाढला की तिथे नव्या गाड्यांची विक्री काही काळ थांबवावी लागली. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, ही जमेची बाजू. पण रोजच्या आखूड फेऱ्या आपल्याकडे भरपूर आहेत.

तिसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या संस्कारांशी निगडित आहे. आपल्या पिढीला गाडी शिकवणाऱ्याने एक मंत्र दिला होता. लवकर वरचा गिअर टाका, पेट्रोल वाचेल. तिसाव्या किलोमीटरला चौथा, चाळीसला पाचवा, आणि मग इंजिनाने कुरकुर केली तरी तसेच रेटायचे. जुन्या साध्या इंजिनांना ते फारसे बाधत नसे. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनात मात्र कमी फेऱ्यांवर एकदम जास्त भार आला, तर सिलिंडरमधले मिश्रण ठिणगी पडण्याच्या आधीच पेटण्याचा संभव असतो. एखादा जोरदार स्फोट पिस्टनला तडा द्यायला पुरतो. तेलाचे सूक्ष्म थेंब त्याला कारण होतात, आणि त्या तेलात मिसळलेल्या कॅल्शियमच्या संयुगांनी हा धोका वाढतो असे संशोधनात दिसून आले. म्हणून तेलाचे मिश्रण बदलावे लागले. २०१८ मध्ये ‘एसएन प्लस’ आणि २०२० मध्ये ‘एसपी’ असे नवे दर्जे एपीआय या अमेरिकी संस्थेने आणले ते मुख्यतः या दुखण्यासाठी. तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात ‘कुठलंही सिंथेटिक टाका हो, सगळं एकच’ असे कुणी म्हणाला, तर ते एकच नसते. डब्यावर काय लिहिले आहे ते वाचावे. आणि चढावर गाडी रडू लागली, तर बिनदिक्कत खालचा गिअर टाकावा. त्यात कमीपणा नाही.

आमच्या भागातल्या एका गॅरेजमध्ये मेस्त्रींच्या टेबलावर निकामी टर्बोंची रांग मांडलेली असते. ‘साहेब, टर्बो आपण होऊन मरत नाही, त्याला तेल मारतं,’ असे त्यांचे म्हणणे. पुढे ते जे सांगतात ते अधिक मोलाचे आहे. टर्बो ‘उडाला’ की लोक नवा टर्बो टाकून मोकळे होतात. पाच आकडी रक्कम मोजतात. पण तेलाची नळी तशीच तुंबलेली, चेंबरच्या तळाशी गाळ तसाच. सहा महिन्यांत नवा टर्बोही उडतो आणि मग ‘टर्बो गाड्याच वाईट’ अशी दवंडी पिटली जाते.

सगळे खापर मालकाच्या माथी फोडावे, असे मात्र मी म्हणणार नाही. छोटी टर्बो इंजिने आपल्यापुढे आली ती आपण मागितली म्हणून नव्हे. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. अट अशी की लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत, डिझेल १५०० च्या आत. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हाही हीच रेघ कायम राहिली. रेघेच्या आत १८ टक्के, बाहेर ४० टक्के. मग जड, उंच, सहा एअरबॅगांची गाडी ओढायची आणि इंजिन तर बाराशेच्या आत ठेवायचे, यावर टर्बोशिवाय तोडगा उरतो कुठे? युरोपात कार्बनच्या मर्यादांनी हेच केले. तिथे प्रयोगशाळेतल्या चाचणीत छोटे टर्बो इंजिन कमी पेट्रोल पिते. आपल्या रस्त्यावर उजवा पाय जड असेल तर ते मोठ्या इंजिनाएवढेच पिते. तो वेगळा विषय.

काही दुखणी तर सरळसरळ आराखड्याचीच होती. इंजिनातला पट्टा तेलात बुडवून चालवायचा, म्हणजे घर्षण कमी आणि आवाज कमी, ही युक्ती काही छोट्या टर्बो इंजिनांत वापरली गेली. तेलात उतरलेल्या पेट्रोलने, जुन्या झालेल्या तेलाने पट्ट्याचे रबर झिजते, त्याचे कण तेलाच्या जाळीत अडकतात आणि पंपाचा घसा आवळला जातो. फोर्डचे एक लिटरचे इकोबूस्ट इंजिन २०१२, १३ आणि १४ अशी लागोपाठ तीन वर्षे जगातले सर्वोत्तम इंजिन ठरले होते. त्याच इंजिनाच्या ऑइल पंपाच्या पट्ट्याच्या ताणणीतल्या दोषापायी डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे एक लाख चाळीस हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यातल्या इकोस्पोर्ट आपल्या चेन्नईजवळच्या कारखान्यातून तिकडे गेलेल्या होत्या. स्टेलांटिस समूहाच्या १.२ लिटर प्युअरटेक इंजिनालाही तेलातल्या पट्ट्याने छळले; २०२४ मध्ये कंपनीने युरोपातल्या ग्राहकांना त्यासाठी दहा वर्षे किंवा पावणेदोन लाख किलोमीटरपर्यंत संरक्षण दिले. गंमत बघा. दोन्हीकडे बदनाम झाले ते ‘टर्बो इंजिन’. टर्बो बिचारा शाबूत होता.

दहा वर्षांचे संरक्षण देता येते, हे यातून दिसले. आपल्याकडे मात्र बहुतेक गाड्यांची मूळ वॉरंटी तीन वर्षांची. कर्ज सात वर्षांचे असले तर वॉरंटी संपल्यावर चार वर्षे हप्ते भरत राहायचे. गाड्या परत बोलावण्याचा जो कायदेशीर नियम आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला, तो सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरता आहे, आणि त्याचा रोख सुरक्षितता व प्रदूषण यांवर. आठव्या वर्षी झिजणारे इंजिन कुणाच्याच खात्यात बसत नाही. आणि पेट्रोल टर्बो गाड्या आपल्याकडे सर्रास दिसू लागल्या त्या २०१७ ची नेक्सॉन, २०१९ ची व्हेन्यू, अशा अलीकडच्या वर्षांत. त्यांचा पहिला मालक सुटतो आहे, दुसरा-तिसरा मालक येतो आहे. तालुक्याच्या गावचा शिक्षक ती गाडी सहा लाखांना घेतो तेव्हा पहिल्या पाच वर्षांत तेल कधी बदलले, कुठले टाकले, हे त्याला कोण सांगते? विकणारा दलाल नक्कीच नाही.

म्हणून कंपन्यांकडे माझ्या मागण्या साध्या आहेत. गाडीच्या पुस्तिकेत मागे कुठेतरी बारीक अक्षरात ‘कठीण परिस्थितीतील वापर’ असे एक पान असते. आखूड फेऱ्या, धूळ, रांगेतली वाहतूक, घाटरस्ते, सतत नुसते चालू राहणारे इंजिन. यातले काही असेल तर ऑइल निम्म्या अंतराला बदला, असा त्याचा सारांश. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, यातले कुठले शहर त्या व्याख्येत बसत नाही? मग जे पान सगळ्यांना लागू आहे ते मागे का? विक्रेता मात्र ‘आमच्या गाडीला वर्षातून एकच सर्व्हिस’ हे भूषण म्हणून सांगतो, कारण सर्व्हिसचा खर्च कमी दिसला की गाडी खपते. त्या कमी दिसणाऱ्या खर्चाचे बिल पुढच्या मालकाच्या नावाने फाटते. ते पान पुढे आणा, मराठीत छापा. इंजिनाचे तास डॅशबोर्डवर दाखवा. टर्बो आणि इंधनाचा उच्च दाबाचा पंप यांची वॉरंटी मुळातच आठ वर्षांची करा, हवे तर ऑइल वेळेवर बदलल्याची अट घाला. ती अट योग्यच ठरेल. आणि सर्व्हिसची नोंद गाडीच्या नंबरावरून पुढच्या खरेदीदाराला पाहता येऊ द्या. केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. त्यात मोटारींचा समावेश आहे. तिथे ही माहिती येऊ शकते.

हायब्रीड घ्या, विजेची घ्या, म्हणजे ही कटकटच नको, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावी. ज्यांची वर्षाची धावच सहा-सात हजार आणि तीही गल्लीतल्या गल्लीत आहे, त्यांना तर साधे, बिनटर्बोचे पेट्रोल इंजिन पुरेसे आहे. मुलाने कितीही तोंड पाडले तरी. पण महिन्यातून दोनदा कोकणात उतरणाऱ्या, पाच माणसे आणि सामान घेऊन ताम्हिणी चढणाऱ्या घराला टर्बोचा उपयोग आहे आणि त्याने तो घाबरून टाळू नये.

टर्बो घेणाऱ्यांनी एवढे करावे. वर्षाला दहा हजार किलोमीटर झाले नाहीत तरी दर सहा महिन्यांनी, फार तर पाच-सहा हजारांना ऑइल आणि त्याचा फिल्टर बदलून घ्यावा. वर्षाकाठी काही हजारांचा हा जादा खर्च नव्या टर्बोपुढे किरकोळ आहे. एअर फिल्टर वेळेवर बदलावा, कारण दोन लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्यावर धुळीचा कण गोळीसारखा आदळतो. आठवड्यातून एकदा गाडी तासभर मोकळ्या रस्त्यावर न्यावी. सर्व्हिसला देताना जॉब कार्डावर तेलाचा दर्जा आणि ग्रेड लिहून घ्यावी, बिले फाइलला लावून ठेवावीत. जुनी टर्बो घ्यायला निघालात, तर रंग आणि सीट कव्हर बघण्याआधी ती फाइल मागा. फाइल नसेल आणि सकाळी पहिल्यांदा चालू करताना सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला, तर किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी घेऊ नका.